पहारेकऱ्यांचा वड

सागाच्या एका जंगलात, नदीकाठच्या गोट्यांमध्ये एक टिटवी राहत असे. पहारा देणे हे तिचे काम. बिबट्या नुसता हलला, तरी ती ओरडून सारे रान सावध करी. वानर, मोर आणि भेकर हे तिचे सोबती, तेही पहारेकरीच. रोज सकाळी चौघे वडाखाली जमत आणि ताजे ठसे कुठे दिसले ते एकमेकांना सांगत. बाळांनो, त्यांच्या भरवशावर हरणे निर्धास्त चरत.

एके दिवशी वानर म्हणाला, "ते ठसे राहू द्या. यंदा राजा कोण व्हावा? मी म्हणतो, गवाच!" मोराने पिसारा झटकला. "गवा? रान तुडवायला? राजा अस्वलच हवा!" भेकरही तावातावाने मध्ये पडले. मग रोज तेच. टिटवीला वाटले, होतील शांत, म्हणून ती गप्प राहिली. तो आरडाओरडा ऐकून हरणे आधी दचकून पळत. पुढे मात्र "वडाखालचे भांडण असेल," म्हणून मानही वर करीनाशी झाली.

एका सकाळी बिबट्या नाल्यात उतरताना टिटवीने पाहिला. ती किंचाळतच वडाकडे उडाली. "बिबट्या! इकडेच येतोय!"

"थांब," वानर म्हणाला. "आधी सांग, तू गव्याकडची की अस्वलाकडची?"

टिटवी पंख फडफडवत ओरडली, "अरे, मी बिबट्या म्हणतेय!"

मोर हसला. "आज अस्वलाची सभा, आणि आजच बरा तुला बिबट्या दिसला! गव्याने पाठवले वाटते?"

"माझे जरा ऐका..." भेकर म्हणाले. पुढचा शब्द त्याच्या तोंडातून निघालाच नाही. गवत सळसळले, एक पिवळी झेप दिसली आणि भेकर जागेवर नव्हते.

वानर एका दमात शेंड्यावर चढला. मोर उडून फांदीवर बसला. "ती खरंच सांगत होती," तो पुटपुटला. टिटवी मोकळ्या जागेकडे बघत राहिली. आत्ता इथे भेकर बोलत होते!

शेंड्यावरून खाली उतरत वानराने विचारले, "म्हणजे राजाबद्दल बोलायचेच नाही का?"

"बोला की," टिटवी म्हणाली. "राजा कोण होतो, याचा आपल्या सगळ्यांशी संबंध आहेच. टेकडीवर जा, हवे तितके भांडा. पण या वडाखाली मला एवढेच सांगा, बिबट्या कुठे आहे?"

तात्पर्य : ज्या कामासाठी एकत्र जमलो, तिथे त्या कामाचेच बोलावे, बाकीचे वाद त्यांच्या जागी घालावेत, नाहीतर जीव वाचवणारी हाकही कुणाच्या तरी बाजूची वाटू लागते.