विमानाची खालची बाजू

एकदा एका इमारतीच्या जिन्यात एक गोष्ट अर्धीच ऐकू आली. पहिल्या मजल्यावरच्या काकू दूधवाल्याला सांगत होत्या, "तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यानं म्हणे शत्रूचं विमान घरात टांगलंय, आणि रोज सकाळी उठून त्याला साष्टांग…" तेवढ्यात कुकरची शिट्टी झाली आणि काकू आत पळाल्या.

ही गोष्ट जिच्या कानांवर पडली, ती त्या म्हाताऱ्याचीच शिष्या होती. ती एरवी कवळ्या तयार करायची. मेणात दात बसवून बसवून तिचा हात स्थिर झाला होता, आणि त्या हाताच्या जोरावर सुट्टीच्या दुपारी ती मास्तरांकडे विमानांच्या छोट्या प्रतिकृती शिकायला येई. मास्तर म्हणजे चित्रकलेचे निवृत्त शिक्षक, वय पंच्याऐंशीच्या घरात. त्यांच्या घरात विषय एकच. दुसऱ्या महायुद्धातली इटलीची बॉम्बफेकी विमानं.

त्यांपैकी तीन पंख्यांचं एक विमान खोलीच्या मधोमध, कपाळाच्या उंचीवर, नायलॉनच्या दोऱ्यानं टांगलेलं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्याला ते हमखास लागायचं. त्याची खालची बाजू मास्तरांनी जीव ओतून रंगवली होती. फिकट राखाडी पोट, त्यावर तेलाचे ओघळ, पंखांखालची काळी वर्तुळं. वरची बाजू मात्र खोक्यातून निघाली तशीच कोरी होती.

"मास्तर, वरून कधी रंगवायचं हो?" तिनं अनेकदा विचारलं होतं.

"वरून कोण बघतंय?" एवढंच उत्तर मिळे.

आता शहरात अशा प्रतिकृतींचं प्रदर्शन भरणार होतं, आणि तिच्या मनानं घेतलं होतं की मास्तरांचं हे विमान तिथं गेलंच पाहिजे. जिन्यात ज्याला वेडा म्हणतात, त्याचा हात लोकांनी एकदा पाहावा! पण अर्धं विमान नेलं तर लोक हसणार. मास्तर डोळे दाखवायला दवाखान्यात गेले, तेव्हा किल्ली तिच्याकडेच होती. तिनं विमान उतरवलं. वरून वाळूचा पिवळा रंग चढवला, त्यावर हिरवे ठिपके उमटवले. काम देखणं झालं. परत टांगताना, म्हाताऱ्या माणसाच्या डोक्याला लागू नये म्हणून, तिनं दोरा दोन विती आखूड बांधला.

मास्तर आले. चप्पल काढताच रंगाचा वास आला आणि त्यांची नजर वर गेली.

"वरून रंगवलंस होय?"

"रागावू नका, मास्तर. प्रदर्शनासाठी केलं."

 मास्तरांनी विमानाखाली सतरंजी पसरली, गुडघे धरत धरत खाली बसले आणि आडवे झाले. तिला वाटलं, जिन्यातली गोष्ट खरीच होती की काय? मास्तर बराच वेळ डोळे किलकिले करून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "आज ते लांब चाललंय गं."

"दोनच विती वर घेतलंय, मास्तर."

"विमान बहात्तर पट लहान आहे ना? मग त्या दोन विती बहात्तर पट मोठ्या करून बघ. दहा मजले वर नेलंस तू त्याला."

ती सतरंजीच्या कडेला बसली. मास्तर वर बघतच सांगू लागले. "मी आईच्या पोटात होतो तेव्हा वडील पलटणीबरोबर आफ्रिकेत गेले. परतले नाहीत. तापानं गेले की गोळीनं, तेही नीट कळलं नाही. घरात त्यांचा एक फोटो नाही. पुढे त्यांचा एक सोबती आईला भेटायला आला. म्हणाला, वहिनी, एकदा आम्ही वाळूत पडून राहिलो होतो आणि इटलीचं तीन पंख्यांचं विमान डोक्यावरून गेलं. इतकं खालून, की पोटाखालच्या काचेतला माणूस दिसला. आम्ही डोळे मिटले, पण यांनी नाही मिटले. म्हणाले, 'अरे, केवढं हे!' बाळ, वडिलांचा मला माहीत असलेला शब्द तेवढाच. ते दिसायचे कसे, हे मला या जन्मी कळणार नाही. पण जो माणूस दिसत नाही, त्यानं पाहिलेलं तरी आपण पाहावं. वरून त्यांनी ते पाहिलं नाही, म्हणून मीही रंगवलं नाही. तेवढी उंची मिळवायला मला फार वर्षं लागली."

ती उठली. "मी रंग खरवडून काढते, मास्तर."

"कशाला? छान झालाय. इथून मला कुठं दिसतोय तो! तू दोरा सोड."

ती स्टुलावर चढली. "अजून," मास्तर खालून म्हणत राहिले. "अजून. डावा पंख उचल जरासा. आता सावकाश… थांब."  स्टुलावरून तिला त्यांचा चेहरा दिसत होता. पंच्याऐंशी वर्षांचा तो चेहरा, तोंड किंचित उघडं, आणि डोळे मिटायला तयार नाहीत. तिनं दोऱ्याला गाठ मारली. प्रदर्शनाचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

खाली उतरताना काकूंनी तिला गाठलंच. "काय गं, तो म्हातारा त्या विमानाला साष्टांग घालतो म्हणे. खरं का?"

"आडवे होतात हे खरं आहे, काकू," ती म्हणाली. "पण उताणे."