डावा सहा, उजवा आठ

"मग घड्याळ लावू की नको, भंते?"

प्रज्योतने मोबाइल पुढे धरला. पडद्यावर कोल्हापुरी चपलेचा फोटो होता आणि त्याखाली लाल आकडे उलटे पळत होते.

भंते रेवत विहाराच्या ओसरीत बसले होते. त्यांनी चष्मा वर सरकवला आणि आकड्यांकडे पाहिलं.

"हे शून्यावर आलं की काय होतं?"

"काही नाही. परत पहिल्यापासून सुरू होतं."

"मग पळतंय कशासाठी?"

"गिऱ्हाइकाने घाई करावी म्हणून."



प्रज्योत सातपुते याच विहाराच्या अभ्यासिकेत बसून शिकला होता. त्याच्या घरात चपलांचं काम आजोबांपासून चालत आलेलं. वडील गेले तेव्हा तो पुण्यात नोकरीला होता. ती सोडून तो गावी परतला. काकांच्या हातची चप्पल ऑनलाइन विकायची असं त्याने ठरवलं आणि सगळं दुकान स्वतःच उभं केलं. नवं काही केलं की तो आधी इथे यायचा. विचारायला आलोय, असं म्हणायचा. खरं तर कौतुक ऐकायला यायचा. भंतेंना ते ठाऊक होतं, आणि बहुतेक वेळा ते कौतुक करायचेही.

आज मात्र ते गप्पच होते.

"चारी बाजूंनी फोटो टाकलेत," प्रज्योत सांगू लागला. "बोटाने फिरवा, चप्पल फिरते. मापाचा तक्ता आहे. पैसे कसेही भरा. पार्सल कुठवर आलं ते दिसतं. नाही आवडलं तर परत पाठवा. एवढं सगळं आहे. आता फक्त हे घड्याळ, आणि त्याच्याखाली एक ओळ. 'दोनच जोड शिल्लक.'"

"दोनच आहेत?"

"नाही. घरात थप्पी लागलीय. पण सगळेच असं लिहितात, भंते. त्याशिवाय माणूस हलत नाही."

"कोणता माणूस?"



"म्हणजे... सगळेच. आता ही एक बाई आहे. इंदू उईके नावाची, गडचिरोलीकडची. सारखी येते दुकानात. डिझाइन तेच. सहा नंबरचा एक जोड टोपलीत टाकते, आठ नंबरचा एक टाकते. पत्ता भरते. पैसे भरायच्या पानापर्यंत जाते आणि दोन्ही काढून निघून जाते. महिना झाला हे चाललंय. नुसती खेळतेय."

"तुला कसं कळलं?"

"मला सगळं दिसतं. कोण आलं, काय बघितलं, कुठून परत गेलं..."

हे सांगताना त्याची मान जरा ताठ झाली.

भंतेंनी हात पुढे केला. "दे इकडे. मला तुझ्या दुकानात एक विचारायचंय."

"विचारा की. चोवीस तास उत्तर मिळतं. तशी सोय केलीय." प्रज्योतने कोपऱ्यातलं एक हिरवं चिन्ह दाबून मोबाइल त्यांच्या हातात दिला.

भंतेंनी एका बोटाने सावकाश अक्षरं जुळवली. तुम्ही आहात का?

लगेच उत्तर आलं. नमस्कार, आपले स्वागत आहे. कृपया पर्याय निवडा. माझी ऑर्डर कुठे आहे. माल परत करणे. आजच्या ऑफर.

भंतेंनी ते शांतपणे वाचलं. मग पुन्हा तेच लिहिलं. तुम्ही आहात का?

नमस्कार, आपले स्वागत आहे. कृपया पर्याय निवडा.

ते पुन्हा लिहायला लागले तसा प्रज्योत हसला. "भंते, त्याला असं कळत नाही. त्यातलं काहीतरी एक दाबायचं."

"मला यातलं काहीच नको आहे."

"मग काय हवंय?"

भंतेंनी मोबाइल दोघांच्या मध्ये फरशीवर ठेवला आणि त्याच्याकडे पाहिलं.

"तू आहेस का?"

प्रज्योत समोरच बसला होता. हात लांब केला असता तर भंतेंच्या गुडघ्याला लागला असता. तरी त्याची नजर फरशीवरच्या मोबाइलकडे गेली.

...

"तुझा फोन नंबर कुठे आहे यात?"

"काढून टाकला. लोक उठसूट फोन करतात. चप्पल वाजते का, चिखलात चालेल का... काम होत नाही."

"तिचा तुझ्याकडे आहे?"

"आहे. खातं उघडताना द्यावाच लागतो."

भंते उठून आत गेले. पाण्याचा तांब्या आणि फुलपात्र घेऊन आले. ते त्याच्यापुढे ठेवून पुन्हा आपल्या जागी बसले आणि अंगणाकडे पाहू लागले.

प्रज्योत पाणी प्यायला.  मग त्याने नंबर लावला.

"हॅलो... इंदूताई उईके का? मी प्रज्योत सातपुते बोलतोय. चपलांच्या दुकानातून."

 पलीकडून घाईघाईने आवाज आला.

"माझं काही चुकलं का जी? मी पैसे नव्हते भरले. दोन्ही काढून टाकले होते."

"नाही, नाही. तुमचं काही चुकलं नाही. मी फक्त विचारायला फोन केला. चप्पल आवडली नाही का?"

"आवडली ना. तीच तर पाहत राहते."

"मग?"

दार लोटल्याचा आवाज आला. ती बहुधा बाहेर अंगणात आली असावी.

"दादा, माझा डावा पाय बारका आहे, जो तो आधी तिकडेच पाहते. लहानपणी पोलिओ झाला होता. डाव्याला सहा नंबर लागते, उजव्याला आठ. म्हणून मला दर वेळी दोन जोड घ्यावे लागतात. घरी एकेकट्या चपलांचं पोतं भरून आहे. साध्या रबराच्या असल्या तर चालून जाते. पण तुमच्या चपलेचे दोन जोड... नाही जमत जी. टाकून पाहते, एखाद्या दिवशी काही ऑफर निघाली तर म्हणून."

"आधी विचारायचं ना, ताई."

"विचारलं ना. दोन-तीनदा विचारलं. ते सारखं म्हणे, पर्याय निवडा."

प्रज्योतने भंतेंकडे पाहिलं. ते अजून अंगणाकडेच बघत होते.

"आणि एवढी घाई काही नाही म्हणा," ती सांगत होती. "पुढच्या महिन्यात लग्न आहे माझं. आई म्हणते, शालूखाली कोण पाहते, जुनीच घाल. तेही खरंच आहे. पण मला वाटलं, एकदा तरी..."



"मी पाठवतो," प्रज्योत म्हणाला. "डावा सहा, उजवा आठ. एकच जोड. पैसेही एकाच जोडाचे."

"आणि उरलेल्या दोन?"

"त्यांचं मी बघतो."

"माझ्यापायी तुम्हाला तोटा नको व्हायला, दादा."

"नाही होणार, ताई."

फोन ठेवून त्याने मान खाली घातली.

"मी तिला खेळतेय म्हणालो, भंते."

"हं."

"तुम्ही मला रागावत का नाही?"

भंतेंनी रिकामं फुलपात्र पुन्हा भरलं आणि त्याच्याकडे सरकवलं.

घरी आल्यावर त्याने थप्पीतून ते दोन जोड काढले. नवी चप्पल करायची तर कातडं कमावण्यापासून शिलाईपर्यंत बराच वेळ जाणार, आणि लग्न तोंडावर आलेलं.

काका बघतच राहिले. "दोन चांगले जोड फोडतोस? आरं, उरल्यालं काय लोणचं घालायचंय?"

प्रज्योतने इंदूताईंचं सगळं सांगितलं. काका ऐकून पुन्हा आपल्या कामाला लागले. थोड्या वेळाने त्यांनीच हाक मारली.

"आण हिकडं त्या दोन. लग्नातली चप्पल बिनगोंड्याची असती व्हय?"

त्यांनी दोन्ही चपलांना लाल गोंडे बसवले, तेलाचा हात फिरवला आणि उन्हात ठेवून दिल्या. पार्सल त्याच संध्याकाळी गेलं.

पुढे कितीतरी दिवस प्रज्योत विहाराकडे फिरकला नाही. आला तेव्हा त्याच्या हातात कापडी पिशवी होती आणि चेहरा दमलेला होता. वंदन करून तो ओसरीत बसला.

"घड्याळ लावलं नाही," तो म्हणाला. "ती शिल्लकवाली ओळही नाही लिहिली. डावा पाय आणि उजवा पाय वेगवेगळा निवडता येईल असं केलंय. आणि नंबर टाकलाय. पहिल्याच पानावर, मोठ्या अक्षरांत."

"मग?"

"मग काय, लोक जेवू देत नाहीत. काल एक आजोबा अर्धा तास बोलले, भंते. काही घेतलं नाही."

"काय बोलले?"

"त्यांच्या गावच्या बाजारात लहानपणी त्यांनी एक चप्पल बघितली होती. ती मिळाली नाही. त्या चपलेबद्दल बोलले."

"तू काय केलंस?"

"ऐकलं."

भंते हसले. प्रज्योतलाही मग हसू आलं.

 अंगणात कुणीतरी झाडत होतं, त्याचाच काय तो आवाज.

"इंदूताईंचा फोन आला होता," प्रज्योत म्हणाला. "लग्न झालं त्यांचं. मी विचारलं, चप्पल कशी बसली, पट्टा कुठे टोचला का. तर म्हणाल्या, नीट बसली. आणि मग म्हणाल्या..."

त्याने पिशवी जवळ ओढली.

"म्हणाल्या, दादा, अख्ख्या लग्नात माझ्या पायाकडे कुणी बघितलंच नाही."

भंतेंनी डोळे मिटले. काही वेळाने उघडले.

प्रज्योतने पिशवीत हात घातला आणि दोन चपला काढून त्यांच्यापुढे ठेवल्या. डावी आठ नंबरची, उजवी सहा नंबरची.

"ह्या उरल्या. काका म्हणतात, उसवून टाकू, चामडं दुसरीकडे लागेल. बरोबर आहे त्यांचं. मी दोनदा कापायला रापी हातात घेतली... पण होईना माझ्याच्याने. काय करू यांचं?"

भंतेंनी दोन्ही चपला उचलल्या. फरशीवर टाचेला टाच लावून शेजारी शेजारी ठेवल्या. एक पुढे आलेली, एक मागे राहिलेली. धाकटी जरा तिरकी झाली होती, ती त्यांनी बोटाने सरळ केली आणि बराच वेळ त्या दोघींकडे पाहत राहिले.

"फोटो काढ, दुकानात टाकायला," ते म्हणाले. "दोघींचा एकत्र."