कोट घातलेला राजा

“तिला हाकलून देऊ नको, तर काय आरती ओवाळू तिची, बुवा?”

श्रीरंग नाबर रागाने येरझारा घालत होता. आज शहरात मोठा दिग्दर्शक म्हणवतो. पण तोंडाला पहिला रंग लागला तो कुडाळात, दशावतारी बुवांच्याच अंगणात. म्हणून डोकं फिरलं की धाव इकडेच.

बुवा सुपारी कातरत होते. “नाटक कसला?”

“मूळ गोष्ट ग्रीकांची, जुनीपुराणी. राजा हुकूम काढतो, बंडखोराच्या प्रेताला कुणी माती द्यायची नाही. बंडखोराची बहीण भरदिवसा जाऊन देते. एका फ्रेंच लेखकाने ती आजच्या काळात आणली. राजाला कोट घातला, शिपायांना बंदुका दिल्या.”

“बरा केल्यान. मगे?”

“उद्या इथेच पहिला प्रयोग. मंत्रीसाहेब येणार. त्यांची माणसं म्हणाली, मातीचा प्रसंग गाळा. गेल्या महिन्यात पोलिसांनी इथल्याच एका पोराचं प्रेत घरच्यांना न विचारता जाळलं ना... लोक भडकतील. मी म्हटलं, गाळतो. तर ही यामिनी, बहिणीचं काम करणारी, तोंडावर म्हणते, माती नाही तर मी नाही! मी घडवलेली पोर, बुवा!”

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला. सावकाश उठले. ओटीवरचं लाकडी बाकडं अंगणात ओढून आणलं. दशावतारात राजाचं सिंहासन म्हणतात, ते एवढंच.

“हय बस. आता सांग, तिका काय सांगलंस?”

श्रीरंग बसला.

“सांगितलं, शहाणपण शिकवू नकोस! इथे हुकूम माझा चालतो. तुझ्या एकटीच्या हट्टापायी सगळ्यांना बुडवू? एका दिवसाचा तर प्रश्न आहे. गप्प राहा, तुझंच भलं होईल. नाही तर...”

त्याची मान ताठ झाली होती. मूठ मांडीवर आपटत होती.

समोर बुवा उभे. हात जोडलेले, कमरेत वाकलेले, दरबारात शिपाई उभा राहतो तसे.

“नाही तर काय, महाराज?”

...

चटका बसावा तसा श्रीरंग उठला. बाकड्यापासून दोन पावलं मागे सरला.

“बुवा... माती दाखवली, तर पडदा पाडतील हो. मंत्री पहिल्याच रांगेत बसणार आहेत.”

बुवांनी त्याच्याकडे पाहिलं. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

“त्या जाळलेल्या पोराक बहीण आसा काय रे? तिका खंयच्या रांगेत बसवतलंस?”