शिनकानसेन आणि कानसेन

‘यंत्रं बोलतात असं वर्गात सांगू नकोस, मुली हसतील,’ असं दादाने मला बजावलं होतं. तरी सांगते.

फार पूर्वी, जपानची वेगवान शिनकानसेन गाडी नवी होती. तिला कधीच उशीर होत नसे. तिच्या वाटेवर, समुद्रकाठी, भूकंपाची चाहूल घेणारं एक छोटं यंत्र जमिनीला कान लावून बसलेलं असे.

“नावात कानसेन माझ्या, आणि ऐकत बसता तुम्ही,” गाडी चिडवायची. “आज काय ऐकलंत?”

“काही नाही.”

“मग बसता कशाला?”

एके दिवशी ते म्हणालं, “थांब.”

“मला उशीर होईल.”

“होऊ दे.” आणि त्याने गाडीला चालवणाऱ्या तारेतली वीजच तोडली.

गाडी चडफडत थांबली. तेवढ्यात समोरचा पूल गवताच्या पात्यासारखा डोलला. मागच्या डोंगराने अंग झटकलं. शेकडो माणसं पोटात घेऊन गाडी श्वास रोखून उभी राहिली.

आता ती जाताना हळूच विचारते, “कानसेन, आज काय ऐकलंत?”

“काही नाही,” ते म्हणतं.

हे उत्तर तिला फार आवडतं, कारण तिला कळलंय की ‘काही नाही’ म्हणजे सगळं ठीक आहे. दादा हाक मारतोय, म्हणजे आता मला थांबायला हवं.