हाताने फिरवलेले इंजिन

घाटाखालच्या एका गावात भास्करमिस्त्री नावाचे वृद्ध कारागीर मोटारी दुरुस्त करीत. विश्राम हा त्यांचा शिष्य. पूर्वी एकदा त्याने टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची हालचाल जुळवणारा दातेरी पट्टा, चुकीचा बसवून गाडी सुरू केली होती. क्षणात व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकले आणि इंजिन निकामी झाले. तेव्हापासून बेल्टचे काम आले की तो काहीतरी निमित्त काढून दूर होई.

एके सकाळी पाड्यापाड्यांवर बाळंतपणे करणाऱ्या परिचारिकेची गाडी आली. मिस्त्री म्हणाले, "विश्राम, बेल्ट तू बदल."

त्याने जीव ओतून काम केले. बेल्ट ज्यांवर चढतो त्या कॅमशाफ्टच्या आणि क्रँकच्या दातेरी चाकांवरील खुणा जुळवल्या, बेल्ट चढवला आणि तो किल्ली फिरवायला निघाला. तोच मिस्त्रींनी त्याला अडवले.

"आधी पाना लावून इंजिन हाताने फिरव."

विश्रामचा चेहरा उतरला. "खुणा जुळल्यात, काका. माझ्यावर अजून विश्वास नाही ना तुमचा?"

मिस्त्रींनी पाना त्याच्या हाती दिला. विश्रामने मुकाट्याने पाना फिरवला. थोडा फिरला आणि अडला.

"जोर लावू नकोस. मागे घे."

सैल राहिलेला बेल्ट दात सोडून सरकला होता. विश्राम पाना ठेवून खाली बसला. "पुन्हा तेच केलं मी. हे काम माझं नाही."

मिस्त्री त्याच्याशेजारी टेकले. "काय मोडलं?"

"काहीच नाही."

"मग तेच कसं? अरे, बंद इंजिनाच्या खुणा मलाही फसवतात. म्हणून स्वतः बसवलेला प्रत्येक बेल्ट मी आधी हातानेच फिरवून बघतो. अडलं की हात थांबतो, किल्लीने सुरू केलेलं इंजिन थांबत नाही. चूक होणारच नाही, असा माणूस मी अजून पाहिला नाही. पण चूक कळावी आणि काही मोडू नये, एवढी सोय आपल्याला करता येते. त्या वेळी ती तुला शिकवायची राहिली, हे माझं उणं."

विश्राम उठला. त्याने बेल्ट काढून पुन्हा चढवला, ताण नीट दिला आणि पाना सावकाश फिरवला. इंजिन कुठेही न अडता फिरले.

"जुळल्या खुणा?" मिस्त्रींनी बसल्या जागेवरून विचारले.

"जुळल्या."

ते बघायला उठले नाहीत. बाहेर बाकावर थांबलेल्या परिचारिकेला त्यांनी हाक मारली, "ताई, सामान ठेवा गाडीत. विश्राम सुरू करून देतोय."