सुतारपक्ष्याच्या सहा ढोल्या

बाळांनो, सागाच्या एका रानात एक सुतारपक्षी राहत असे. हाताला, म्हणजे चोचीला, त्याच्या फार सफाई. एके वर्षी त्याने पाहिलं, पोपटांची जोडपी ढोली मिळावी म्हणून रानभर हिंडतात. त्याच्या मनात आलं, वाळक्या सावरीत सहा ढोल्या कोरून भाड्याने द्याव्यात. पण सुतारपक्ष्याचं पोट चोचीवर. चोच कोरण्यात गुंतली की खायचं काय? तो खारीकडे गेला. तिच्याकडे सुकलेल्या बोरांचा मोठा साठा होता.

"खारूताई, दोनशे बोरं दे. दर अमावस्येला वीस याप्रमाणे बारा अमावस्यांत दोनशे चाळीस परत करीन."
"तारण काय ठेवशील, दादा?"
"माझी राहती ढोली," तो छाती काढून म्हणाला. खार प्रेमळ खरी, पण त्या दिवशी घाईत होती. पुढे काही न विचारता तिने बोरं मोजून दिली. बाळांनो, मीही दुकानात बसून शिकलो, की उधार देताना घाई केली तर ती शेवटी देणाऱ्यालाच महागात पडते.

पौषात सहाही ढोल्या भरल्या. दर ढोलीमागे महिन्याला आठ बोरं येऊ लागली. सुतारपक्षी वीस खारीला देई आणि उरलेल्या अठ्ठावीस बोरांत घरच्यांची चंगळ करी. चार हप्ते अगदी वेळेवर गेले. चैत्र सरला, पिल्लं उडाली आणि पोपट निघाले. सुतारपक्षी घाबरून म्हणाला, "अहो, निघालात कुठे? राहायला आला होतात ना?"
म्हातारी पोपटीण हसली. "राहायला कुठे, बाबा, बाळंतपणाला आलो होतो. बाळंतपणाला आलेली लेक बारा महिने माहेरी राहते का? पुढच्या पौषात येऊच की."

वैशाखी अमावस्येला खार दारात आली. आत सुतारपक्ष्याची तीन पिल्लं होती, अजून पंखही न फुटलेली. तो मान खाली घालून म्हणाला, "ताई, एकशे साठ राहिलीत आणि घरात एक बोर नाही. ढोली तुझी. फक्त पिल्लं उडेपर्यंत थांब."
खार उंबऱ्यावरच बसली. "तुझी ढोली घेऊन मी काय करू? माझी शेपटीसुद्धा मावायची नाही त्यात. चूक दोघांची झाली, दादा. भाडं चार महिन्यांचं आणि हप्ते बारा महिन्यांचे, हे तू मोजलं नाहीस आणि मी विचारलं नाही. आमच्या आळीतली साळुंकी म्हणते, छत्रीवाल्याकडे उन्हाळ्यात हप्ता मागू नये."
"मग आता?"
"आता पौष ते चैत्र, महिन्याला चाळीस दे. चार महिन्यांत फिटतील, आणि तुला आठ उरतील. चंगळ मात्र बंद. तारणाला भाड्याची एक ढोली ठेव, राहती सोडव. आणि थांबण्याचं व्याज म्हणून हा पावसाळा माझी बोरं तुझ्या एका रिकाम्या ढोलीत राहू देत. माझ्या फांदीवर दरवर्षी भिजून कुजतात."
सुतारपक्ष्याने त्याच दिवशी सगळ्यात कोरडी ढोली झाडून दिली. पुढच्या चैत्रात शेवटची चाळीस बोरं खारीच्या पुढ्यात ठेवताना तो म्हणाला, "ताई, मोजून घे."
"घेतेच," खार म्हणाली, आणि खरोखरच एक एक करून मोजून घेतली. मग त्यातली तीन तिने त्याच्या यंदाच्या नव्या पिल्लांना दिली.

तात्पर्य : भाडं ज्या महिन्यांत येतं त्याच महिन्यांत हप्ता बांधावा, आणि कर्ज घेताना डोक्यावरचं छप्पर कधीही तारण ठेवू नये.