चुकतळ्याची खिरापत

बूट-चपला इथंच काढा, बांधाच्या खाली. पुढं सगळे अनवाणीच जातात. मघाशी ते कॅमेरेवाले आले, तेही कुरकुरत का होईना पण काढूनच गेले. गवत ओलं आहे, जरा जपून पाय टाका. हां, आता बघा. समोर हे चुकतळं, त्याच्या मागं बोरजाईचं पठार, आणि आपण उभे आहोत तो बांध. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेलाय. फक्त मध्यावर ती गोल जागा बघा, परातीसारखी बसकी. तिथं गवत उगवत नाही.

उद्या-परवा, शनिवार-रविवार, इथं उभं राहायला जागा मिळायची नाही. गजी नाचणारे धनगर येतील, सोंगी भारूड आहे, चित्रं काढणारी मुलं पठारावर तेरड्याच्या फुलांत जाऊन बसतील. खाली तंबू लागलेत ते पुण्या-साताऱ्याच्या लोकांचे. पाऊस सरत आला, ऊन कोवळं आहे, दोन दिवस हवापालट करायला येतात बिचारे. पण हा सगळा थाटमाट अलीकडचा. मूळ काय, तर या बसक्या जागेवरचा हादगा. पाटावर हत्ती काढायचा, भोवती बायकांनी फेर धरायचा, गाणी म्हणायची आणि शेवटी झाकलेली खिरापत ओळखायची.

आता हादगा सगळीकडेच खेळतात. आमच्याकडची गंमत वेगळी. इथं खिरापत कुणालाच ओळखता येत नाही. सगळ्या बांधावर वास दरवळतो, लहान पोराला विचारलं तरी सांगेल, पण नाव घेतलं की डबा धरणारी बाई म्हणते, ‘चूक!’ गेल्या साली पुण्याच्या एक बाई चांगल्याच रागावल्या. शेवटी त्यांच्या हातावर डब्यातलाच घास ठेवला. खाल्ला आणि म्हणाल्या, “अहो, मी हेच तर म्हणत होते!” तर आमची डबेवाली म्हणते, “चूक. अजून एक घ्या.”

त्या पदार्थाचं नाव आत्ताही घेणार नाही. का, ते पुढं कळेलच.

फार मागची गोष्ट आहे म्हणे. तेव्हा गावाला तळं होतं आणि नव्हतंही. पूर्वी हा बांध धरून असायचा, पण मग ओळीनं वाईट सालं आली. उन्हाळ्यात जनावरांना पाणी नाही, म्हणून गावचे झाडून सगळे बैल चाऱ्यापाण्याला कृष्णाकाठी जाऊ लागले, ते दसरा झाल्यावर परत यायचे. बांधाला खांड पडली की गाव माती टाकून ती बुजवायचं, आणि हस्ताचा पाऊस आला की बांध त्याच जागी पुन्हा फुटायचा. भरलेलं तळं एका रात्रीत ओढ्याला मिळायचं. मग वर्षभर बायकांनी घागरी घेऊन डोंगर उतरायचा आणि चढायचा. एरवी नव्या मातीवर बैल फिरवून ती तुडवून घेत. बैलच नाहीत तर तुडवणार कोण? माती नुसती टाकायची, फावड्यानं थोपटायची, की झाला बांध. आज ऐकताना आपल्याला हे उघड दिसतं, पण तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. जो तो म्हणे, देवीचा कोप आहे.

गावचे पाटील होते रायाजी. माणूस भला, पण जिभेला लगाम नाही. भाद्रपद सरता सरता गाव बोरजाईच्या देवळात जमलं आणि पाटील सगळ्यांदेखत देवीला म्हणाले, “आई, मागशील ते देतो. एवढ्या डाव बांध टिकू दे.” शब्द तोंडातून जायचा अवकाश, केरू देवऋषी घुमायला लागला. तळ्याला पाटलाची सून पाहिजे, म्हणाला. नवी, अजून मूलबाळ न झालेली. हस्त लागला की तिन्हीसांजेला बांधाच्या पोटात.

पाटलांना सून एकच. हौसा तिचं नाव. वैशाखात लग्न होऊन आलेली. तिचा नवरा सुभाना बैलांबरोबर कृष्णाकाठी, त्याला कसली खबर नाही.

पाटलीणबाईंचं नाव भिवराई. बाई कडक. गावात म्हणायचे, सूर्य एखाद वेळ पश्चिमेला उगवेल, पण भिवराई खोटं बोलायची नाही. भावाभावांत तंटा झाला तर लोक पाटलांच्या आधी तिच्याकडं जायचे. सुनेवर तिची फार माया होती असंही नाही. भाकरी जाड झाली की बोलायची, मीठ कमी पडलं की बोलायची. पण पाटील देवळातून घरी आले आणि काय झालं ते त्यांनी सांगितलं, तेव्हा ती हातातलं काम टाकून उठली.

“शब्द तुम्ही दिलाय ना?” ती म्हणाली. “मग तुम्ही जावा बांधाच्या पोटात.”

“मला घेतलं असतं तर गेलोच असतो गं,” पाटील म्हणाले. “देवीपुढं बोललोय. सगळं गाव ऐकत होतं. आता मागं फिरलो तर पाण्यावाचून मरणाऱ्या लोकांना काय तोंड दाखवू?”

भिवराईनं स्वतः कितीतरी वेळा डोंगर उतरून पाणी आणलं होतं. शब्द म्हणजे काय, हेही तिला कळत होतं. पण ही परक्याची लेक तिच्या ओसरीवर विश्वासानं निजली होती, हे काही केल्या तिच्या मनातून जाईना.

हौसा रडून रडून थकली, असं सांगतात. ज्या दिवशी हस्त लागला त्या सकाळी ती सासूजवळ येऊन म्हणाली, “आत्याबाई, माहेरी ह्या दिवसांत आम्ही हादगा खेळायचो. इथं आल्यापासून राहूनच गेलं. जायच्या आधी एकदा खेळू द्या. बांधावरच खेळते, म्हणजे लांब जायलाही नको.”

देवऋषी आधी नाहीच म्हणत होता. पण गावातल्या बायका अशा काही बघायला लागल्या की त्यानं मान डोलावली. त्यानं देवीपुढं कौल लावून बोलीही केली. फेर एकदा धरला की खिरापत ओळखेपर्यंत मोडायचा नाही. मोडला तर देवीचा कोप होईल. आणि खिरापत ओळखली, की सून तळ्याची.

भिवराईनं चूल पेटवली. घरात गुळाची ढेप संपली होती, तिनं मडक्याचा तळ खरवडला. डब्यांच्या कोपऱ्यातले तीळ झाडून घेतले. हौसानं श्रावणात एकदा भीतभीत म्हटलं होतं, ‘आमची आई हे फार छान करते, आपण करायचं का?’ आणि भिवराई तिच्यावर खेकसली होती, ‘सणासुदीला बघू.’ ते तिला आठवलं. तेच तिनं केलं. पातळ पारी लाटली, सारण भरलं, अर्ध्या चंद्रासारखी मुरड घातली आणि उरलंसुरलं सगळं तूप कढईत ओतलं. तळताना तिच्या डोळ्यांतलं पाणी थांबत नव्हतं. पितळी डब्याला झाकण लावून वर फडकं बांधलं तरी वास काही लपेना.

दुपार कलली तशा बायका बांधावर आल्या. खांडीतल्या नव्या मातीवर पाट मांडला, त्यावर खडूचा हत्ती काढला आणि हौसाला घेऊन फेर धरला. भिवराई एका कडेला डबा मांडीवर घेऊन बसली. गडी माणसं खाली, हातात फावडी घेऊन. केरू देवऋषी मावळतीकडं बघत होता.

पहिली गाणी झाली आणि कासाराची गोदूबाई पुढं आली. वयानं मोठी, पोक्त बाई.

“वाटली डाळ?” ती म्हणाली.

भिवराई चकित झाली. एवढा तुपाचा वास सुटलाय आणि हिला डाळ कशी सुचते? “चूक,” ती म्हणाली.

फेर पुन्हा सुरू झाला. मग कुणी म्हणालं लाह्या, कुणी म्हणालं काकडीची कोशिंबीर. देवऋष्याची बायको भागीरथी, कुणाच्या घरी काय शिजतंय हे वेशीपासून वासावर सांगणारी, ती पुढं आली आणि नाकाला पदर लावून म्हणाली, “मला बाई आज सर्दी झालीय. घुगऱ्या आहेत का?”

तेव्हा कुठं भिवराईच्या ध्यानात आलं. तिनं गोदूबाईकडं बघितलं. गोदूबाईनं नजर खाली घातली आणि टाळी वाजवून पुढचं गाणं उचललं.

मग काय विचारता! धिरडी झाली, थालीपिठं झाली, भोपळ्याच्या घाऱ्या झाल्या, करडईची भाजीसुद्धा झाली. खिरापतीला करडईची भाजी कुणी करतं का कधी? पाठ असलेली गाणी संपली. मग त्यांनी जोडगाणी रचली, सासवांवर रचली, नणंदांवर रचली, आणि शेवटी भागीरथीनं आपल्याच नवऱ्याच्या मिशांवर रचलं. ती गाणी उद्या तुम्हाला ऐकायला मिळतील. आणि इतका वेळ पाय चालूच होते. सैल माती त्या पायांखाली दबत होती, पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

तिन्हीसांज झाली. मावळतीला काळंकुट्ट आभाळ भरून आलं. देवऋषी पाटलांना म्हणाला, “ह्या बाया मुद्दाम करतायत. गड्यानं नाव घेऊ नये असं कुठं ठरलंय? तुम्ही घ्या नाव, आणि संपवा. पाऊस आला की बांध गेलाच म्हणून समजा.”

पाटलांनी सकाळी तळण बघितलं होतं. ते बांध चढून वर आले. देवीपुढं शब्द दिलेला माणूस. त्यांनी नाव घेतलं. अगदी बरोबर नाव घेतलं.

फेर मंदावला. हौसाचा चेहरा पांढराफटक पडला. सगळ्या बायका भिवराईकडं बघायला लागल्या. आजवर जे खरं ते बोललेली बाई. भिवराईनं डबा छातीशी धरला. देवी समोर, नवरा समोर, गाव समोर.

“चूक,” ती म्हणाली.

“अगं, मी सकाळी बघितलं—”

“चूक म्हणते ना! माझ्या हातचं मला कळत नाही होय? इतकंच असेल तर उघडा डबा. पण हादग्याच्या खिरापतीला गड्याचा हात लागलेला ह्या गावात कुणी बघितला नाही, तो तुमचा लागू दे.”

पाटलांनी डोळे पुसले आणि देवऋष्याकडं वळून खणखणीत आवाजात म्हणाले, “ऐकलंत केरूबाबा? चूक आहे. भिवराई कधी खोटं बोलते का?”

आता याला देवऋषी काय बोलणार? त्यानंच कितीदा तिची साक्ष खरी मानली होती. तो खाली जाऊन बसला.

आणि मग पाऊस आला. हस्ताचा पाऊस, हत्तीनं सोंडेनं ओतावा तसा. पाटावरचा हत्ती धुऊन गेला, पण फेर मोडला नाही. मोडणार कसा, खिरापत ओळखायची होती ना! चिखल घोट्यापर्यंत आला. एक दमली की दुसरी तिच्या जागी यायची. हौसानं मात्र जागा सोडली नाही. भिवराई पदराखाली डबा धरून बसून होती, आणि गाण्याच्या मध्ये अधूनमधून तिचा आवाज यायचा, ‘चूक. चूक.’

उजाडलं तेव्हा पाऊस उघडला होता. एका अंगाला तळं काठोकाठ भरलेलं आणि दुसऱ्या अंगाला ओढा कोरडा. बांधाला साधी चीरसुद्धा गेली नव्हती. फक्त जिथं फेर धरला होता ती जागा तेवढी गोल बसली होती. कुणी म्हणतं बोरजाईनं राखलं, कुणी म्हणतं बायकांच्या पायांनी राखलं. आम्ही बाबा दोघांनाही हात जोडतो.

हौसा सासूच्या पुढ्यात मटकन बसली. “आत्याबाई, आता तरी सांगा, काय केलंय?”

“तूच ओळख की,” भिवराई म्हणाली.

पोरीनं भीतभीत नाव घेतलं. भिवराईनं फडकं सोडलं, अर्धचंद्र काढला आणि तिच्या तोंडात घातला. “चूक,” ती म्हणाली. “खा आता.”

त्यानंतर भिवराईनं कुणाचा तंटा सोडवला नाही, असं सांगतात. लोक यायचे, पण ती म्हणायची, देवीपुढं खोटं बोललेय, मला न्याय विचारू नका. तिला ते शेवटपर्यंत लागून राहिलं. पण दर साली हस्त लागला की डबा घेऊन बांधावर मात्र यायची, आणि ‘चूक’ म्हणताना तिचा आवाज कधी कापला नाही.

बोली तर अजून उभीच आहे. फेर त्या सकाळी मोडला नाही, पुढच्या हस्तापर्यंत नुसता थांबवला, असं गाव मानतं. खिरापत ओळखली की सून तळ्याची. म्हणून आजही या गावात हस्ताच्या दिवसांत त्या पदार्थाचं नाव कुणी घेत नाही. खाली दुकानं लागलीत ना, तिथं परातभर मांडलेले दिसतील, पण पाटी दिसणार नाही. बोट दाखवायचं आणि घ्यायचं.

आजही पहिला फेर गावात त्या साली आलेली नवी सून धरते. उद्या आमच्या नातवाची बायको धरणार आहे. पोर सांगलीकडची, अजून घरात बिचकूनच असते. डबा आमच्या घरच्या बाईंकडं. त्यांना नवऱ्याला ‘चूक’ म्हणायची एरवीही सवय आहे, तेव्हा ती काळजी नाही. तुम्ही या. वास आला की खुशाल नाव घ्या, पाहुण्यांनी घ्यायचंच असतं. मोठ्यानं घ्या. मग सगळा बांध एका आवाजात ‘चूक!’ म्हणेल, म्हाताऱ्याकोताऱ्या, लेकीबाळी, खाली उभे असलेले आम्ही गडीसुद्धा. त्या वेळी डब्याकडं बघू नका, त्या नव्या पोरीच्या तोंडाकडं बघा. हे सगळं गाव आपल्यासाठी खोटं बोलतंय, हे तिला तेव्हा पहिल्यांदा कळतं.